केर्लीच्या अलीकडचा आवाज

केरबा मिस्त्रीला गाडीचा आवाज सापडला नाही असं कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्या म्हणणाऱ्याकडंच संशयानं बघितलं असतं. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की हा बाबा आत चहा पिता पिता सांगायचा, 'पुढचं उजवं चाक, बुश गेलंय,' आणि वर न बघता बशीतला चहा संपवायचा. त्याला या कानाचा गर्व होता आणि तो लपवायची त्याला कधी गरज वाटली नाही. गिऱ्हाईक काही सांगायला लागलं की म्हणायचा, 'तुमी बोलू नगासा, गाडीला बोलू द्या.'

तर अशा या केरबाला स्वतःच्या जावयाच्या गाडीनं रडकुंडीला आणलं.

जावयाचं नाव दत्तप्रसाद. कोल्हापुरातल्या शिक्षकाच्या घरातला मुलगा, नोकरीला वारणानगरात. सरळ, हसरा माणूस, पण शेतीवाडी नि जनावरं यातलं त्याला औषधालाही काही कळत नव्हतं. केरबानं आपली एकुलती एक लेक सई त्याला दिली होती. सईची आई तिच्या शाळेच्या वयातच गेली. तेव्हापासून सकाळी पोरीची वेणी घालायची आणि मग गॅरेजला येऊन हात काळे करायचे, अशी केरबाची बरीच वर्षं गेली. लग्नानंतर सईचं पहिलं बाळ पोटातच गेलं. आता परत दिवस राहिले होते, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की धक्का नको, दगदग नको, तपासणी चुकवायची नाही. म्हणून जावयानं जुनी गाडी घेतली. पांढरी, चौकोनी तोंडाची, सईपेक्षा थोडीच लहान.

बाळंतपण माहेरी, म्हणजे कसबा बावड्यात केरबाच्या घरी, हे ठरलेलं. थोरली बहीण आक्का त्यासाठी येऊन राहिली होती, खोलीला रंगही देऊन झाला होता. या खेपेला लेक सुखरूप आपल्या दारात उतरावी आणि नातवंडाचं रडणं आपल्या घरात ऐकू यावं, एवढंच केरबाला पाहिजे होतं. बाकी देवाकडं मागण्यासारखं त्याला काही उरलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी दत्तप्रसाद सईला तपासणीला घेऊन आला. तिला बावड्यात आक्काजवळ सोडली आणि गाडी गॅरेजला आणली. गाडी वळतानाच केरबानं तोंड वाकडं केलं.

'डाव्या अंगाचा लिंक रॉड गेलाय, खालच्या आर्मचं बुश गेलंय. पावणं, ही गाडी हाय का भजनी मंडळ?'

'खडखड आहेच, मामा,' दत्तप्रसाद म्हणाला. 'पण ती नाही. इकडं येताना वाघबीळचा घाट उतरला की केर्ली गावाच्या अलीकडं एक वेगळाच आवाज येतो. रस्ता तिथं अगदी गुळगुळीत आहे. तरी पुढून, डाव्या बाजूनं, टुक-टुक असं येतं. जरा थांबतं, मग आणखी एकदा टुक. पुढं गेलं की बंद. गणपतीपासून चालू झालंय.'

'तिथंच? दुसरीकडं कुठं न्हाय?'

'तिथंच. जाताना पण, येताना पण.'

'गाडीला काय केर्ली कळतीय व्हय,' म्हणत केरबानं जॅक लावला.

त्यानं काम मन लावून केलं. चाक वर घेऊन वरखाली धरून हलवलं, तर बॉल जॉइंट ढिला लागला. तो नवा घातला. आर्म काढून दोन्ही बुश बदलली, लिंक रॉड बदलला, आणि लेक बसणार म्हणून पलीकडच्या बाजूचंही सगळं नवं टाकलं. मग उद्यमनगरातल्या खड्ड्यांवरनं, गतिरोधकांवरनं गाडी पिटाळली. आवाज म्हणून नाही. सईला आक्कानं आठवडाभर ठेवून घेतलं होतं, त्यामुळे दत्तप्रसाद एकटाच परत गेला, आणि घरी पोचल्यावर फोन करून म्हणाला, मामा, लोण्यासारखी चालली. केरबानं शेजारच्या टर्नरला बोलावून चहा पाजला.

पुढच्या तपासणीला दोघं आले ते तोंडं पाडूनच. आवाज परत आला होता. खडखड बंद झाल्यामुळं आता तो स्पष्ट ऐकू येत होता, एवढाच काय तो फरक.

केरबाला राग आला. खोटं कशाला बोला, त्याला जावयाचाच राग आला. शिकलेली माणसं पुस्तक वाचल्यासारखी गाडी चालवतात आणि नसलेलं काहीतरी ऐकत बसतात, असं तो आक्काजवळ बडबडला. तरी त्यानं परत गाडी उघडली. शॉकअप काढला, वरचं माउंटिंग नवं घातलं, एकेक नट स्वतःच्या हातानं आवळला. आणि म्हणाला, 'आता मीच येतो तुमच्यासंगट. मला ऐकू दे काय ते.'

दुपारची वेळ होती. दत्तप्रसाद चालवत होता, शेजारी केरबा, मागं सई. ऊसतोड चालू झालेली, रस्त्यावर पाचटाचा वास. केर्ली गेली. उजव्या हाताला, जोतिबाच्या डोंगराकडं, उसाच्या दोन फडांमधनं एक कच्ची वाट आत जाते. ती दिसायला लागली तशी केरबाच्या पायाखाली टुक-टुक झालं. मग थोडी उसंत. मग टुक.

'थांबवा,' केरबा म्हणाला.

गाडी कडेला लागली. तो खाली उतरला, गुडघ्यावर बसला आणि चाकाच्या आत हात घालून स्प्रिंगवर पंजा ठेवला. 'स्टेअरिंग फिरवा. हळू. आता ह्या अंगाला.' स्प्रिंग मोकळी फिरत होती. आत काही अडकत नव्हतं, उडत नव्हतं. त्यानं इंजिन बंद करायला लावलं आणि तसाच वाकून राहिला.

गाडी उभी होती. चाकं उभी होती. रस्त्यानं चिटपाखरू नव्हतं. आणि उभ्या, बंद गाडीत परत टुक-टुक झालं, आणि मग टुक.

केरबानं हात मागं घेतला. तापलेलं लोखंड निवताना कुरकुरतं, हे त्याला ठाऊक होतं. हे तसं नव्हतं. लोखंड एका तालात वाजत नाही, आणि मध्ये मोजून थांबत तर नाहीच नाही. त्यानं वर बघितलं. दत्तप्रसाद त्याच्याकडं बघत होता. सई मात्र मागच्या खिडकीतनं त्या उसातल्या वाटेकडं बघत होती, आणि तिचं लक्ष या दोघांकडं नव्हतंच.

'काय आहे, मामा?'

'बघू,' केरबा म्हणाला. 'चला.'

मिस्त्रीकाम करणाऱ्याची एक रीत असते. आवाज सापडेना झाला की एकेक गोष्ट बाजूला काढत जायची. जी काढल्यावर आवाज बंद होतो, दोष तिच्यात. केरबानं तेच केलं. दुसऱ्या दिवशी जावयाला घेऊन सईशिवाय त्याच रस्त्यानं गेला. आवाज नाही. मग वजनानं मागचा भाग दबत असेल आणि पुढं काही उचलत असेल, म्हणून सई बसते त्या जागेवर वाळूची पोती ठेवली आणि तिच्या वजनाइतकी करून गेला. आवाज नाही. पोती पुढं ठेवली, मागं ठेवली. स्वतः मागं बसला. त्या वाटेसमोर गाडी उभी करून सिगारेट संपेपर्यंत थांबला. उसाच्या पात्यांची सळसळ सोडली तर काही नाही. मग एकदाच, मन घट्ट करून, सईला नेली. वाट दिसली तसा आवाज आला.

सगळं काढून झालं होतं आणि शेवटी उरली ती सई. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. आक्काला नाही, जावयाला तर नाहीच.

दोन दिवसांनी तो दत्तप्रसादला म्हणाला, 'गाडी कुणाकडनं घेतली तुमी?'

'तिथलाच शेतकरी होता की. हंबीरराव म्हणून एक म्हातारे. त्या उसातल्या वाटेनं आत वस्ती आहे त्यांची.' आपण काय बोललो ते दत्तप्रसादच्याही लक्षात आलं. 'पण त्याचा काय संबंध?'

'घेतली कशी ते सांगा. सगळं सांगा.'

दत्तप्रसादनं हसत हसतच सांगितलं. म्हाताऱ्याला मूलबाळ नव्हतं, नवरा-बायको दोघंच. बैल गेल्यावर ही गाडी त्यानं गोठ्यात बांधली होती. बांधली म्हणजे खरोखरची बांधली होती, पुढच्या हुकात बैलाचं दावं अडकवून खुंट्याला. उन्हाळ्याच्या शेवटाला हे दोघं गाडी आणायला गेले, तेव्हा म्हातारीनं बॉनेटला हळदकुंकू लावलं, सईला दिवस गेल्याचं कळल्यावर तिथंच गोठ्यात तिची ओटी भरली. म्हाताऱ्यानं दावं सोडलं आणि हातात धरून नुसता उभा राहिला.

'मी म्हटलं, दोरी छान मजबूत आहे, राहू द्या आम्हाला, गाडी कुठं बंद पडली तर ओढायला होईल. ते म्हणाले, दावं देत नाहीत. मला वाटलं, दोरीचे वेगळे पैसे पाहिजे असतील म्हणून लाजतायत. म्हटलं, अहो आजोबा, तुम्हाला आता काय उपयोग तिचा. आणि त्यांच्या हातातनं सोडवून घेतलं. सईनं उचलून डिकीत ठेवलं.'

केरबानं हातातला पाना खाली ठेवला. त्याच्या बापानं जन्मभर जनावरं राखली होती. जनावर विकताना दावं ठेवून घ्यायचं, घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ते शेतकऱ्याच्या घरात पाणी प्यायला शिकावं तसं येतं. विकणाऱ्याचं दावं नेणं म्हणजे त्याच्या गोठ्याची बरकत उचलून नेणं. कुणी वैऱ्याच्या गोठ्यातनंही नेत नाही.

'पावणं,' तो शेवटी म्हणाला, 'तुमी शिकलेलं माणूस, तुमाला काय बोलायचं. पण असं कुणी करत न्हाय.'

डिकीत, जादा चाकाच्या खाली, दावं होतं. अंबाडीचं, जुनं, हातात धरून धरून गुळगुळीत झालेलं. इतके महिने बंद डिकीत पडलेलं, तरी त्याची गाठ ओलसर लागली.

दोघं त्याच दिवशी वस्तीवर गेले. सईला मुद्दामच नेलं नाही, आणि गाडीनं वाटेत चकार शब्द काढला नाही. उसाच्या फडांतनं वाट संपली तिथं लाकडी फाटक सताड उघडं होतं. अंबूबाई, म्हाताऱ्याची बायको, अंगणात शेंगा निवडत बसली होती. कपाळ मोकळं होतं. ते बघून दत्तप्रसादचा चेहरा उतरला.

'मालक गेलं,' ती म्हणाली. 'तुमी गाडी नेलासा त्याच आठवड्यात. बसा की.'

केरबानं दावं तिच्यापुढं ठेवलं आणि हात जोडले. 'मावशी, चूक झाली. पोराला ठाव न्हवतं. हे तुमचं तुमच्याकडं ठेवा.'

तिनं दावं उचललं, मांडीवर घेतलं, त्यावरनं हात फिरवला. रागाचा मागमूस तिच्या तोंडावर नव्हता. 'शेवटाला नुसतं हेच हुडकत हुतं,' ती म्हणाली. 'खाटेवरनं हात खाली सोडायचं आनि भुई चाचपायचं. म्या म्हटलं, पोरांनी चुकून न्हेलंय, आणून देतील. तर म्हटलं, ती कशाला आणतील, मीच जातो की त्याच्या मागनं.' बाजाराला गेलेल्या माणसाबद्दल सांगावं तसं ती सांगत होती. 'आनि गेलं.'

दत्तप्रसादनं मान खाली घातली. केरबाला मात्र एक गोष्ट विचारायचीच होती. ती विचारू नये असं त्याला आतनं वाटत होतं, पण तोंडातनं गेलीच.

'मावशी, मालक गाडी स्वतः चालवायचं?'

'डोळं गेल्यावर कुठलं. वस्तीवरचं कोणतरी चालवायचं, हे पुढं शेजारी बसायचं, पायात काठी. त्यांची जुनी खोड, बैलगाडी हुती तवाची. वाट आली की बैलगाडीच्या साट्यावर, खालच्या फळीवर काठी आपटायची, बैलांना कळावं घर आलं म्हणून. गाडीत पन तेच.' तिनं शेंगांच्या सुपावर बोटाच्या पेरानं वाजवून दाखवलं. टुक-टुक. जरा थांबली. टुक. 'हितनं ऐकू यायचं मला, मी उठून फाटक उघडायची.'

केरबा तिच्या बोटाकडं बघत राहिला. दत्तप्रसाद पांढराफटक झाला होता.

'आनि ती पोरगी?' अंबूबाईनं विचारलं. 'जिची ओटी भरली ती. बरी हाय न्हवं? कितवा लागला?'

तिला उत्तर देण्यात तसं काही वावगं नव्हतं. पण केरबाला ते देववेना. तो उठला, उशीर होतोय म्हणाला आणि गाडीकडं निघाला. अंबूबाई दावं घेऊन गोठ्यात गेली. खुंट्याला ते अडकवताना ती मागं न बघताच बोलली.

'फाटक आता मी झाकतच न्हाय. यायचं झालं तर ताटकळायला नको.'

घरी आल्यावर केरबानं स्वतःला खूप समजावलं. दावं पोचतं केलं, विषय मिटला. म्हातारी एकटी, दुःखानं भ्रमिष्ट झालेली, तिचं काय मनावर घ्यायचं. गाडीतच काहीतरी असणार, आणि गाडीच नको म्हटलं की भानगडच संपली. त्यानं पांढरी गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात लावून टाकली. त्याचं एक गिऱ्हाईक होतं, विजयसिंह म्हणून, त्याची नवीकोरी मोठी गाडी सर्व्हिसिंगला आलेली. केरबानं ती लेकीला आणण्यापुरती मागून घेतली. माहेरी न्यायला बापानंच यायचं असतं, म्हणून तो एकटाच वारणानगरला गेला. दत्तप्रसाद ऑफिस सुटल्यावर येणार होता.

सई नव्या साडीत तयार होती. तिला बघून केरबाला भरून आलं. पोट चांगलं दिसायला लागलं होतं, तोंडावर तेज होतं. मागच्या खेपेला ती इथपर्यंत पोचलीच नव्हती. त्यानं तिला मागं पाठीला उशी लावून बसवली आणि काचेचं सामान नेल्यासारखी गाडी जपून हाकली. नवी गाडी, मऊ शॉकअप, आतला आवाज आत नि बाहेरचा बाहेर. कोडोली गेली, वाघबीळचा उतार संपला. केरबा गप्पा मारत होता, आक्कानं काय काय करून ठेवलंय ते सांगत होता, आणि बोलता बोलता डाव्या हाताची ती वाट दिसणार म्हणून त्याचे हात स्टेअरिंगवर घट्ट झाले होते.

वाट दिसली. टुक-टुक. टुक.

त्यानं ब्रेक दाबला नाही. या गाडीत कुठलं बुश जुनं आणि कुठला जॉइंट ढिला असणार? त्यानं आरशातनं मागं बघितलं.

'सई, तुला ऐकू आलं?'

'व्हय,' ती म्हणाली. 'नेहमीचंच की. तुमी तो गाडीचा आवाज म्हणतायसा, म्हणून मी काय बोलले न्हाय. अप्पा, आवाज आला की हे पण हालतंय. तसंच. दोनदा, मग एकदा.' तिनं पोटावर हात ठेवला होता आणि ती हसत होती. 'त्याला ही जागा आवडती बघा. पहिल्यांदा हाललं ते पन हितंच, गणपतीत.'

गणपतीत. आवाज चालू झाला तो गणपतीत. केरबाच्या डोक्यात सगळं एकदम जागच्या जागी बसलं, आणि ते त्याला नको होतं. हे पोर त्याच्या लेकीचं होतं, त्याच्या घरात जन्मणार होतं, त्याच्या बायकोचं नाक घेऊन येणार होतं. त्यानं वाटेकडं मान वळवली नाही. गाडीचा वेग वाढवला. उसाचे फड भराभरा मागं पडले, वाट गेली, वळण गेलं.

आवाज बंद झाला.

इतके दिवस जे होण्यासाठी तो जिवाचं रान करत होता ते झालं होतं. गाडीत एवढी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू यावा. केरबा मोठ्यानं हसला, काहीतरी बोललाही. मागनं उत्तर आलं नाही. केर्लीतली घरं दिसायला लागली तेव्हा सई म्हणाली,

'अप्पा, हालंना झालंय.'

'झोपलं असंल.'

'न्हाय. असं न्हवं.' तिचा आवाज बारीक झाला होता. 'मागच्या वेळेला झालं हुतं तसं झालंय. जड पडलंय. गार लागतंय मला, अप्पा.'

त्यानं गाडी बाजूला घेतली. सई पाणी प्यायली, तिनं कूस बदलली, पोटावर हात चोळला, आणि बापाकडं बघितलं. ते बघणं केरबाला सहन झालं नाही. पुढं कोल्हापूर होतं, डॉक्टर होते. अर्धा तास म्हटलं तर अर्धा तास, मध्ये शिवाजी पुलावरची गर्दी. मागं ती वाट होती, हाकेच्या अंतरावर. शहाण्या माणसानं कुठं जावं हे केरबाला पुरतं कळत होतं. त्यानं गाडी गियरमध्ये टाकलीही. पण आयुष्यभर एकच काम केलेला माणूस, त्याचे हात दुसरंच शिकलेले. आवाज जिथं तुटला तिथं परत जाऊन ऐकायचं, त्याशिवाय काही सापडत नाही. त्यानं भर रस्त्यात गाडी वळवली.

सगळ्या काचा खाली केल्या. कान खिडकीबाहेर काढला आणि गाडी हळूहळू चालवली. त्याच्या तोंडातनं आपोआप 'ये रं बाबा, ये,' असं निघत होतं. कुणाला म्हणतोय हे त्याचं त्याला माहीत होतं, आणि लाज वाटायची वेळ निघून गेली होती. टायरांखाली खडी वाजली. बाकी काही वाजलं नाही. वाट आली, त्यानं आत घातली. दोन्ही बाजूंनी ऊस अंगावर आला, पाती गाडीला घासत राहिली. अजून काही नाही. सई डोळे मिटून बसली होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

फाटक सताड उघडं होतं. गाडी सरळ अंगणात गेली, गोठ्यापुढं थांबली. केरबानं इंजिन बंद केलं आणि श्वास धरून बसला.

टुक-टुक.

तो थांबला. एवढा तो आयुष्यात कधी कशासाठी थांबला नव्हता.

टुक.

'हाललं,' सई म्हणाली आणि रडायलाच लागली. 'अप्पा, हाललं. जोरात हाललं.' तिच्या गालावर रंग परत आला होता. केरबानं खाली उतरून मागचं दार उघडलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोही लहान पोरासारखा रडला. लेक जिवंत होती, पोर जिवंत होतं. त्या घटकेला त्याला दुसरं काही दिसत नव्हतं.

अंबूबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. केरबाकडं तिनं बघितलं नाही, सईच्या तोंडाकडंही नाही. पदर डोक्यावरनं पुढं ओढून घेतला, बाहेरगावाहून आलेल्या नवऱ्यापुढं बाई उभी राहते तशी मान खाली घालून उभी राहिली, आणि भाकरीचा तुकडा सईच्या पोटावरनं ओवाळून टाकला.

'आलासा?' ती हळू आवाजात म्हणाली. 'किती उशीर केलासा. च्या ठेवलाय.'

सईनं डोळे पुसले. बापाचा हात बाजूला केला आणि ओळखीच्या घरात उतरावं तशी ती गाडीतनं उतरून आत चालायला लागली, आणि केरबानं तिला थांबवलं नाही.